रंगसंवाद : सहलीच्या वहीत मूल कसे उतरवावे?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. रविवारी आम्ही तिघे रंकाळा तलावावर, कधी पन्हाळ्याला, कधी जोतिबाला जातो. शाळेत असताना मी चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा दिली होती. आता पुन्हा जलरंग हाती घेतले आहेत आणि या सहलींची एक चित्रवही करावी अशी इच्छा आहे. परंतु मी रेखाटायला बसेपर्यंत मुलगा जागेवरून पळालेला असतो, चित्र अर्धवट राहते आणि घरचे ताटकळतात. घरी येऊन मोबाइलमधल्या फोटोवरून चित्र काढावे, तर ते निर्जीव वाटते. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली अडचण हाताची नसून वेळेच्या वाटणीची आहे, असे मला वाटते. निसर्गचित्रकार जागा निवडतो, तास-दोन तास ठाण मांडून बसतो आणि प्रकाश बदलण्याच्या आत चित्र संपवतो. कुटुंबासोबत निघालेल्या माणसाला ही चैन परवडत नाही, आणि तिचा आग्रह धरला तर चित्र व रविवार दोन्ही बिघडतात. म्हणून जागेवरचे काम आणि घरचे काम यांची आधीच वाटणी करावी. जे पुढच्या क्षणी नाहीसे होणार आहे, म्हणजे मुलाची ढब आणि सावल्यांची दिशा, तेवढेच जागेवर टिपावे. पन्हाळ्याचा तीन दरवाजा पुढच्या रविवारीही तिथेच असणार आहे. (रंकाळ्यातल्या संध्यामठाची मात्र अशी खात्री देता येत नाही, पावसाळ्यात तो बराचसा पाण्याखाली जातो.)

मुलाचा पेन्सिलीने पाठलाग करू नये. मुले सतत हलतात हे खरे, पण एखाद्या खेळात रमली की त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा करतात. पाण्यात खडे फेकणारा मुलगा वाकतो, खडा उचलतो, हात मागे नेतो, फेकतो आणि परत वाकतो. अशा वेळी एकाच पानावर तीन-चार आकृत्या सुरू करून ठेवाव्यात, आणि ज्या आकृतीची ढब पुन्हा दिसेल तिच्यात एक-दोन रेघा वाढवाव्यात. चेहऱ्याच्या वाटेला जाऊ नये. पाठीचा बाक, मानेचा कल आणि शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, एवढे साधले तर पाठमोरा मुलगाही घरच्यांना ओळखता येतो. पुढचे काम स्मरणचित्राचे आहे, आणि इंटरमीजिएट दिलेल्या व्यक्तीला तो विषय नवा नाही. परीक्षेत आपण बाजार, बसथांबा असे प्रसंग आठवून रेखाटत होतो. इथे तर प्रसंग त्याच दिवशीचा असतो. परतीच्या वाटेवर किंवा रात्री जेवणानंतर त्या आकृत्या आठवणीतून पुऱ्या कराव्यात. दोन दिवस लोटले की हात आठवणीऐवजी सवयीचे मूल काढू लागतो.

सवयीचे मूल म्हणजे बहुधा आखूड केलेला प्रौढ माणूस. प्रौढाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण सात ते साडेसात पट असते, तर सहा-सात वर्षांच्या मुलाची जेमतेम सहा पट आणि चार वर्षांच्या मुलाची पाचाच्या आसपास. दुसरी चूक क्षितिजरेषेची होते. सपाट जागी आपण उभ्याने चित्र काढत असाल, तर जवळच्या आणि दूरच्या सर्व उभ्या प्रौढांची डोकी साधारण क्षितिजरेषेवरच येतात आणि मुलगा तिच्या खाली राहतो. आपण त्याच जमिनीवर मांडी घालून बसलात, तर ती रेषा मुलाच्या पोटाच्या आसपासून जाते. घाटाच्या पायऱ्यांवर बसताना हे गणित बदलते, त्यामुळे पानावर सर्वांत आधी डोळ्याच्या पातळीची रेघ मारून ठेवणे बरे.

चित्रकार सा. ल. हळदणकर यांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्या चित्रासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. घरच्या माणसाला समोर ठेवून जलरंगात काय साधता येते, ते या चित्रात पाहावे. मात्र ती मुलगी मोठी होती आणि दिवा धरून स्थिर उभी राहत होती, हे विसरू नये.

फोटो टाकाऊ नाही, पण त्याला साक्षीदाराची जागा द्यावी. मोबाइलचा कॅमेरा जवळून धरला की पुढचे फुगवतो आणि मागचे दूर ढकलतो, शिवाय भर उन्हात सावल्यांचा काळा गोळा करतो. भेळेच्या गाडीला किती चाके होती, मुलाच्या शर्टावर पट्टे होते की चौकडी, एवढ्यापुरता तो पाहावा. प्रकाश त्याच्यावरून ठरवला की चित्र निर्जीव होते, आणि आपल्याला तेच जाणवले असावे. त्याऐवजी रेखाटनाच्या कडेला वेळ लिहून सूर्याच्या दिशेचा बाण काढावा.

रंग थोडेच न्यावेत. अल्ट्रामरीन ब्ल्यू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर, लेमन यलो आणि क्रिमसन एवढ्यात सहल भागते. काळा रंग घरीच ठेवावा, कारण पहिल्या दोहोंच्या मिश्रणातून गडाच्या दगडाचा करडा त्याच्यापेक्षा जिवंत निघतो. निळा वाढवला की तो सावलीत जातो, तांबूस वाढवला की उन्हात येतो. पांढऱ्या शर्टासाठी कागद कोरा सोडावा.

प्रश्न : मुलगाही माझ्याच वहीत आणि माझ्याच रंगांनी रंगवण्याचा हट्ट धरतो. त्याला ते द्यावेत का?

उत्तर : वही द्यावी, रंग देऊ नयेत. चित्रकारांसाठीच्या काही रंगांत कॅडमियम किंवा कोबाल्टची संयुगे असतात, आणि सहा वर्षांचे मूल ब्रश तोंडात घालणारच. त्याला शाळेतल्या मुलांसाठी मिळणारे रंग आणि तेलखडू द्यावेत. तेलखडूने चित्र काढून वरून पातळ रंग फिरवला की मेणकट रेघेवर पाणी ठरत नाही आणि रेघ उजळ उठून दिसते. हा खेळ मुलांना फार आवडतो. वहीत समोरासमोरची दोन पाने घेऊन एकच दिवस दोघांनी काढावा. त्याच्या पानावर तो स्वतः तटबंदीपेक्षा उंच असेल आणि भेळेचा कागद तलावाएवढा. ते तसेच राहू द्यावे. दुरुस्त करण्यासाठी हात पुढे करणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि काही दिवसांनी मुलाने वही मिटून ठेवलेलीही पाहिली आहे.

प्रश्न : पावसाळ्यात पन्हाळ्यावर रंग वाळतच नाहीत. काय उपाय?

उत्तर : वाळण्याची वाट पाहावी लागणार नाही असेच चित्र निवडावे. धुक्यात दूरच्या कडा मुळातच विरघळलेल्या असतात. ओल्या कागदावर ओलाच रंग सोडला तर त्या आपोआप तशा उतरतात. जवळची झाडे आणि छत्रीखालची माणसे घरी, कागद कोरडा झाल्यावर काढावीत. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद पाण्याने कमी वाकतो, म्हणून या ऋतूत तोच वापरावा. ओली वही मिटू नये, पाने चिकटतात. घरी परतल्यावर रंगांची डबी मात्र उघडी ठेवून पंख्याखाली वाळवावी, कारण बंद डबीतल्या रंगाच्या ओल्या वड्यांवर आठवडाभरात बुरशी धरते.