‘द प्रिन्सेस ब्राइड’ हा जुना चित्रपट लोकांना अजून इतका का आवडतो? मुलांना दाखवावा का?

घरात ८ वर्षांची मुलगी आणि १३ वर्षांचा मुलगा आहे, दोघांना एकत्र बसवून ‘द प्रिन्सेस ब्राइड’ दाखवावा का, आणि १९८७ सालचा हा विनोदी परीकथापट लोक अजून का डोक्यावर घेतात, असं तुम्ही विचारलंय. दाखवाच. जरा सविस्तर सांगते, कारण हा माझा अत्यंत लाडका चित्रपट आहे.

तेरा वर्षांच्या मुलाची चिंता तर सोडूनच द्या. त्याच्यासारख्यांची सोय चित्रपटाने आधीच करून ठेवलीय. सुरुवातीला एक आजारी मुलगा अंथरुणात पडल्या पडल्या व्हिडिओ गेम खेळत असतो. आजोबा पुस्तक घेऊन येतात आणि याचं तोंड वाकडं होतं. गोष्टीत खेळबिळ काही आहे का, हे तो आधी विचारून घेतो. नायक-नायिका जवळ आले की वैतागतो. ही चुंबनांची गोष्ट तर नाही ना, अशी त्याला शंका येते. पुढे राजकुमाराशी लग्न ठरलेली नायिका बटरकप पाण्यात पडते, किंचाळणारा ईल मासा तिच्या अंगावर झेपावतो, आणि ऐन त्या क्षणी आजोबा वाचन थांबवून सांगतात की हा ईल काही तिला खाणार नाहीये. नातवाचा चेहरा बघून त्यांनी ओळखलेलं असतं. नातू मात्र घाबरल्याचं कबूल करत नाही, जरा काळजी वाटली एवढंच म्हणतो!

हे मध्ये मध्ये थांबणं वरवर गमतीचं वाटतं, पण माझ्या मते चित्रपटाचं अर्धं यश त्यातच आहे. लहान मुलाला भीतीच्या जागी धीर मिळतो. ‘परीकथा म्हणजे बाळबोध’ असं वाटणाऱ्या मोठ्या मुलाला पडद्यावर आपल्याच बाजूचा एक जण दिसतो. आई-वडिलांना आजोबा सापडतात. ती भूमिका पीटर फॉकने केलीय, आणि त्याच्या आवाजात इतका जिव्हाळा आहे की तो नुसता वाचत बसला असता तरी मी ऐकलं असतं. नातवाला कोणी रागावत नाही, उपदेश करत नाही. गोष्टच त्याला हळूहळू आपल्याकडे ओढून घेते. शेवटी चुंबनाचा प्रसंग येतो तेव्हा तो काय म्हणतो, ते तुम्हीच बघा.

उरलेलं अर्धं यश विनोदाच्या जातीत आहे. परीकथेवर विनोदी चित्रपट करायचा म्हटलं की बहुतेक जण परीकथेचीच टिंगल करतात. राजकुमार बावळट, खलनायक बुजगावणं, आणि प्रेक्षकाला सतत डोळा मारणं चालू. अशा चित्रपटांना पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा येत नाही. इथे पात्रांचं बोलणं हसवतं, पण त्यांच्या मनातलं सगळं खरं असतं. बटरकपवर जीव असलेल्या वेस्टलीचं प्रेम खरं, तलवारबाज इनिगोचं दुःख खरं, धिप्पाड फेझिकचं एकटेपण खरं.

कड्यावरचं तलवारयुद्ध घ्या. वेस्टली कडा चढतोय आणि वर बटरकपला पळवून नेणाऱ्या टोळीतला इनिगो मोंटोया त्याला मारायला थांबलाय. पण इनिगो त्याला वर यायला मदत करतो, दम खाऊ देतो, बुटातले खडे काढू देतो. तेवढ्यात सहा बोटांच्या माणसाची चौकशीही करून घेतो, कारण त्या माणसाने त्याच्या वडिलांचा खून केलाय आणि गेली वीस वर्षं हा त्याला शोधतोय. मग दोघं एकमेकांचं कौतुक करत लढतात. बोलता बोलता बोनेटी, कापो फेरो, आग्रिप्पा अशी नावं येतात. ही मनाने रचलेली नाहीत, सोळाव्या-सतराव्या शतकातले खरे तलवारबाजीचे उस्ताद आहेत. कापो फेरोचा ग्रंथ १६१० सालचा. मुलांना हे कळायची गरज नाही, पण लिहिणाऱ्याने केवढी मेहनत घेतलीय बघा. इनिगो डाव्या हाताने लढत असतो. हरायची वेळ आली तेव्हा हसत सांगतो की मी डावखुरा नाहीच, आणि तलवार उजव्या हातात घेतो. थोड्या वेळाने वेस्टलीही तेच करतो. आठ वर्षांची पोरगी इथे टाळ्या वाजवणार, लिहून ठेवा.

आणि हे सगळं दिसायला इतकं छान आहे त्याचं कारण म्हणजे ते खरोखर केलंय. वेस्टली झालेला केरी एल्विस आणि इनिगो झालेला मँडी पटिंकिन यांनी पीटर डायमंड आणि बॉब अँडरसन या दोन नामांकित प्रशिक्षकांकडे कित्येक आठवडे घाम गाळून दोन्ही हातांनी तलवार शिकून घेतली. कोलांट्या सोडल्या तर जवळपास सगळी लढाई त्यांनी स्वतःच खेळलीय. आजच्या चित्रपटांत एका लढाईत शंभर तुकडे जोडलेले असतात, कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही. इथे प्रत्येक पाऊल दिसतं.

पटिंकिनबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. त्याचे वडील कर्करोगाने गेले होते. इनिगो शेवटी त्या सहा बोटांच्या सरदारासमोर उभा राहतो, तेव्हा आपल्या मनात तो कर्करोगच होता, असं त्याने मुलाखतींत सांगितलंय. हे माहीत नसलं तरी तो प्रसंग काळजाला भिडतो. पोटात खंजीर घुसलेला माणूस भिंतीला टेकून उठतो आणि स्वतःचं नाव, वडिलांचा खून आणि मरणाची तयारी, हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा, दर वेळी आवाज चढवत म्हणतो. तोपर्यंत आपण त्या वाक्याला हसलेलो असतो. तिथे मात्र हसू येत नाही.

विनोदाची बाकीची बाजूही भक्कम आहे. विझिनी नावाचा, स्वतःला महाबुद्धिमान समजणारा त्या टोळीचा बुटका म्होरक्या आणि दोन पेल्यांपैकी विष कुठल्यात आहे हे ओळखायची पैज, हा प्रसंग तेरा वर्षांच्या मुलाला नक्की पाठ होईल. उत्तर इथे फोडत नाही. फेझिक झालेला आंद्रे द जायंट हा खराखुरा कुस्तीगीर. त्या काळात त्याची पाठ इतकी दुखत होती की खिडकीतून उडी मारणाऱ्या बटरकपला झेलायचं होतं तेव्हा तिचं वजन तारांवर तोलून धरावं लागलं. पडद्यावर मात्र तो तिला फूल झेलावं तसं झेलतो.

मूळ कादंबरी विल्यम गोल्डमनची, १९७३ सालची. त्याने आपल्या दोन मुलींना गोष्ट कशाबद्दल हवी ते विचारलं. एक म्हणाली राजकन्या, दुसरी म्हणाली नवरी, आणि त्यातूनच नाव ठरलं. पटकथाही त्याचीच, पण चित्रपट व्हायला वर्षानुवर्षं लागली. शेवटी दिग्दर्शक रॉब रायनरने तो केला. प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेत सुमारे ३ कोटी डॉलरची कमाई झाली. पडला नाही, पण गाजलाही नाही. हा प्रेमपट म्हणून विकायचा, साहसपट म्हणून की मुलांचा, हेच कंपनीला ठरवता येईना. खरं यश आलं ते व्हिडिओ कॅसेटमुळे. घरोघरी लोकांनी तो पुन्हा पुन्हा लावला, मुलं मोठी झाली आणि त्यांनी आपल्या मुलांना दाखवला. २०१६ साली अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत त्याची नोंद झाली. जाहिरातीने उभा राहिलेला चित्रपट एवढा टिकत नाही, हा एकाने दुसऱ्याच्या हातात दिल्यामुळे टिकलाय.

दोष आहेत. बटरकपला कथेत करण्यासारखं फार कमी दिलंय. रॉबिन राईटने जीव ओतलाय, पण तिला बहुतेक वेळ वाट बघायची किंवा पळवून न्यायचं, एवढंच. तुमची मुलगी यावर प्रश्न विचारेल, आणि तो रास्तच असेल. सिंथेसायझरवरचं संगीत आज जुनाट वाटतं. आगीच्या दलदलीतला राक्षसी उंदीर म्हणजे आत माणूस आहे हे उघड दिसतं, पण मुलांना त्याचं काही वाटत नाही.

मुलीच्या दृष्टीने एकच सांभाळायचं. मध्यानंतर वेस्टलीला तळघरात यंत्राला बांधून यातना देतात. रक्त दिसत नाही, पण त्याच्या वेदना ऐकू येतात आणि नातूसुद्धा तिथे हादरतो. तेव्हा तुम्ही शेजारी बसलेले असा, मोबाइल बाजूला ठेवा. संवाद भराभर येतात, म्हणून सबटायटल्स चालू ठेवलेली बरी. लांबी ९८ मिनिटं आहे, एका बैठकीत सहज होतो.

आवडला तर मुलं पुस्तक मागतील. ते मुलाला दोन-तीन वर्षांनी द्या. त्यात कडवटपणा जास्त आहे, शेवटही चित्रपटासारखा सुखाचा नाही, आणि लेखक मध्येच घुसून बरंच काही सांगत बसतो. मोठेपणी वाचायला ते फार बहारदार आहे. मुलीसाठी सध्या चित्रपटच पुरेसा आहे.