खाणीतली टकटक आणि वाळूचा दोर

कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचे नैर्ऋत्येकडचे, समुद्रात घुसलेले टोक. तिथल्या लोककथांवर गेल्या अंकात लेख आला, त्यावर कोकणातून पत्रे आली. त्यांतल्या चार पत्रांची ही उत्तरे.

प्रश्न : आमची सातवीची मुले स्नेहसंमेलनात खाणीतल्या ‘नॉकर’वर पंधरा मिनिटांची नाटिका करणार आहेत. नॉकरला मराठीत ‘बुटकी परी’ म्हटले तर चालेल का? तो रंगमंचावर कसा दाखवावा?
— एक शिक्षिका, देवगड

उत्तर : परी म्हणू नका. परी म्हटले की पंख आणि छडी आलीच. नॉकर हा कथिलाच्या खाणीत राहणारा, म्हाताऱ्या कामगारासारखा दिसणारा ठेंगू जीव आहे. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा शब्द राखणदार. पण आपला राखणदार गावाची शीव सांभाळतो, हा खडकाच्या पोटात असतो. ‘नॉकर’ हेच नाव ठेवा आणि पहिल्या प्रवेशात एखाद्या पात्राच्या तोंडून त्याला ‘टकटक्या’ म्हणवून घ्या.

आणि त्याला दाखवूच नका. कथांमध्ये तो दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. विंगेत आंब्याची रिकामी लाकडी पेटी उपडी ठेवा आणि मुठीएवढ्या काळ्या दगडाने तिच्यावर ठोका. जांभा घेऊ नका. तो सच्छिद्र असतो, आवाज मारतो. तीन ठोके, मनात पाच आकडे मोजायचे, पुन्हा तीन ठोके. माइक पेटीपासून हातभर लांब असू द्या, नाहीतर आवाज फाटतो. बहुतेक नाटिकांत चूक होते ती इथे : ठोके आणि संवाद एकाच वेळी येतात आणि दोन्ही वाया जातात. ठोका पडला की मंचावरच्या सगळ्यांनी आहे तिथे थिजायचे.

वेशभूषेत एक गोष्ट जरूर करा. तिथले खाणकामगार कडक फेल्टची टोपी घालत आणि तिच्यावर ओल्या मातीच्या गोळ्यात चरबीची मेणबत्ती रोवत. जादा मेणबत्त्या वातीने सदऱ्याच्या बटणाला टांगलेल्या असत. मुलांच्या डोक्यावर बॅटरीची मेणबत्ती द्या, पण ती टोपीला सुईदोऱ्याने टाचून घ्या. नुसत्या मातीवर विसंबलात तर माती वाळून तडकते आणि ऐन प्रवेशात मेणबत्ती खाली येते.

कथा टॉम ट्रेव्होरोची घ्या. तो खाणीत बसून ‘फगन’ नावाचा जड केक खातो आहे. अंधारातून बारीक आवाज येतात : थोडा आमच्यासाठी ठेव. तो ठेवत नाही, उलट त्यांना शिव्या देतो. पुढे दरड कोसळते आणि त्याची हत्यारे, खणून काढलेले कथिल, सगळे गाडले जाते. जेवणातला शेवटचा तुकडा नॉकरसाठी टाकायचा, खाणीत शीळ घालायची नाही, क्रॉसची खूण करायची नाही, असे नियम होते. ते संवादांत येऊ द्या.

मात्र नॉकरला खलनायक करू नका. त्याच्या ठोक्याचे दोन अर्थ असत : इथे कथिलाची चांगली शिर आहे, किंवा इथे छत कोसळणार आहे. आवाज तोच, अर्थ कामगाराने लावायचा. तुमच्या नाटिकेचा सगळा ताण इथे आहे. खडकाचा भार वाढला की लाकडी टेकू आधी कुरकुरतात, तडकतात. ज्याला ते ऐकायची सवय तो वेळेवर बाहेर पडतो. एकोणिसाव्या शतकात कॉर्नवॉलचे खाणकामगार अमेरिकेत गेले तेव्हा हा सोबती त्यांच्याबरोबर गेला. तिकडे त्याचे नाव झाले टॉमीनॉकर.

प्रश्न : आपण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो. तिथले मच्छीमार काही देत का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : देत. न्यूलिन आणि माउसहोल या बंदरांत मिळालेल्या मासळीतला एक मासा किनाऱ्यावर ‘बक्का’ या दर्याच्या आत्म्यासाठी ठेवत. त्याला वर्षातला ठरलेला दिवस नव्हता, म्हणून नारळी पौर्णिमेपेक्षा राखणदाराच्या मानाशी त्याची तुलना जास्त जुळते. कापणीच्या वेळी शेतावरही भाकरीचा तुकडा डाव्या खांद्यावरून मागे टाकत, तो बक्काचाच. पुढे पुढे त्याचा धाक पोरांना दाखवण्यापुरता उरला, आपल्या बागुलबुवासारखा.

प्रश्न : मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. त्याचे जहाज फाल्मथला लागेल आणि एक दिवस मोकळा मिळेल. या कथांमधली कोणती जागा पाहता येईल? आणि परशुरामासारखी भूमीची कथा तिथे आहे का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : फाल्मथहून रेल्वेने ट्रुरो, तिथे गाडी बदलून पेन्झन्स. जवळच मॅराझियन गाव आहे आणि समोर समुद्रात सेंट मायकेल्स माउंट हे बेट. कॉर्मोरन राक्षसाने ते रचले असे सांगतात. त्याची बायको पदरातून दगड आणत होती. बेटावर जाणारी दगडी वाट फक्त ओहोटीच्या आसपास उघडी पडते. म्हणून त्याला आधी त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक बघायला सांगा आणि परतीची वेळ तिथून उलटी मोजायला सांगा. दगडांवर पाणी चढू लागले की चालत निघायचे नाही. होड्या चालू असल्या तर होडीने यावे.

आता भूमीची कथा. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण मिळवले. तिथे उलट झाले. लँड्स एंडचे टोक आणि सिली बेटे यांच्यामध्ये लायोनेस नावाचा देश होता आणि तो एका रात्रीत बुडाला अशी कथा आहे. ट्रेव्हेलियन नावाचा एकच स्वार पांढऱ्या घोड्यावरून लाटांच्या पुढे दौडत वाचला. त्याच पाण्यात ‘सेव्हन स्टोन्स’ हे खडक आहेत, लायोनेसच्या शहराची जागा म्हणून मच्छीमार ते दाखवत. जहाजावर काम करणाऱ्याला ते वेगळ्या कारणाने ठाऊक असतील : 1967 मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हा तेलवाहू टँकर याच खडकांवर चढला.

कथेला एक धागा जमिनीतलाही आहे. माउंटचे कॉर्निश नाव ‘कारेक लूस इन कूस’, म्हणजे रानातला करडा खडक. आज त्याच्याभोवती रान नाही, पाणी आहे. पण उधाणाची मोठी ओहोटी लागली की त्या उपसागराच्या वाळूत कधीकधी जुन्या झाडांचे बुंधे दिसतात. हजारो वर्षांपूर्वी समुद्र चढत आला आणि ते रान बुडाले. नाव त्या आठवणीतून आले असे म्हणण्याचा मोह होतो, तसा पुरावा मात्र नाही.

ओहोटी सकाळी असेल तर माउंट उरकून दुपारी झेनॉर गावी जावे. तिथल्या सेंट सेनाराच्या चर्चमध्ये जुन्या लाकडी बाकाच्या फळीवर मत्स्यकन्या कोरलेली आहे, हातांत आरसा आणि कंगवा. मॅथ्यू ट्रेव्हेला या गोड गळ्याच्या तरुणाला ती समुद्रात घेऊन गेली, अशी कथा आहे.

प्रश्न : मेलेला खोत कुळांच्या जमिनीभोवती फिरतो, असे आमच्या भागात सांगतात. तिथे असे काही?
— एक वाचिका, सावंतवाडी

उत्तर : हुबेहूब खोत नाही, पण जमीनदाराचा कारभारी आहे : जान ट्रेगेगल. त्या नावाचा कारभारी सतराव्या शतकात खरोखर होता. कथेत एक कूळ त्याच्याकडे पैसे भरते, तो वहीत नोंद करत नाही आणि मरून जातो. पुढे त्याच पैशांसाठी कुळावर दावा लागतो. बॉडमिनच्या न्यायालयात कूळ साक्षीला ट्रेगेगललाच बोलावते. भूत उभे राहते आणि पैसे पोचले होते, असे कबूल करते. दावा सुटतो, पण भूत आले ते जाईना. त्याला परत पाठवावे तर नरकाचे कुत्रे टपलेले. तेव्हा पाद्री त्याला कधीच न संपणारे काम देतात : डोझमरी तळे भोक पडलेल्या शिंपीने उपसायचे.

तिथून तो पळतो, म्हणून त्याला किनाऱ्यावर वाळूचा दोर वळायला बसवतात. दर भरतीला दोर विरघळतो. कथेच्या एका रूपात त्याला वाळूची मोळी वाळूच्याच दोराने बांधायची असते, तिथे मात्र तो युक्ती करतो : कडाक्याच्या थंडीत ओढ्याचे पाणी आणून वाळूवर ओततो, ते गोठते आणि मोळी बांधली जाते. सुटून तो आला तसा त्याला पुन्हा त्याच कामाला जुंपले, या वेळी गोड्या पाण्याजवळ जायचे नाही या अटीवर. हिवाळी वादळात किनाऱ्यावर वारा घुमतो, तो ट्रेगेगलचा आक्रोश.