वाचकांचे प्रश्न : माईकसमोरचं पहिलं मिनिट

प्रश्न : आमच्या शाळेतले एक शिक्षक निवृत्त होत आहेत. समारंभात सहकाऱ्यांच्या वतीने मला पाच मिनिटं बोलायचंय. उभी राहिले की सुरुवातीलाच आवाज चिरकतो, कागद थरथरतो. काय करावं?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : पाच मिनिटांत जेमतेम सहाशे शब्द होतात आणि आपल्याकडे त्यातले शंभर नामावळीतच खर्ची पडतात. सूत्रसंचालकाने ती नावं आधीच घेतलेली असतात. ‘अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि मित्रहो’ एवढं पुरे. नाव घ्यायचं ते फक्त सत्कारमूर्तींचं. बाकीच्यांपैकी एकाचं घेतलंत तर सगळ्यांचं घ्यावं लागतं, आणि एखादं राहिलं की रुसवा ठरलेला!

लगेच मुद्द्यावर या. ‘मला बोलायची सवय नाही’ असं चुकूनही म्हणू नका. मग लोक तुमच्या चुकाच शोधत बसतात. ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष’ ही विशेषणंही प्रत्येक निरोप समारंभात वापरून गुळगुळीत झाली आहेत. त्याऐवजी डोळ्यांसमोर येईल अशी एक गोष्ट सांगा : ‘परीक्षेच्या दिवशी सरांच्या खिशात चार जादा पेनं असायची, विसरून येणाऱ्या मुलांसाठी.’ पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक तोंडपाठ हवं. अख्खं भाषण पाठ केलंत तर एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं.

आवाज चिरकतो कारण भीतीने श्वास उथळ होतो आणि गळ्याचे स्नायू आवळले जातात. नाव पुकारण्याआधी बसल्याजागी तीन-चार संथ श्वास घ्या. सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. माईकपाशी गेल्यावर दोन्ही पाय नीट टेकवा, सभागृहावर नजर फिरवा, दोन सेकंद थांबा आणि मगच तोंड उघडा. मोठा कागद हाताची थरथर सगळ्यांना दाखवतो. पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर ठळक अक्षरांत चार मुद्दे लिहून न्या.

प्रश्न : माईक चालू आहे का, हे टकटक करून पाहावं की फुंकर मारून?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन्ही नको, आतल्या पडद्याला धक्का बसतो आणि श्रोत्यांच्या कानाला त्रास. ‘नमस्कार’ म्हणा, कळेल. माईक तोंडापासून चार-सहा बोटं दूर, किंचित बाजूला धरा, नाहीतर प, फ, भ फुटतात. शिट्टी वाजली तर जाळीवरचा हात काढा आणि स्पीकरच्या मागच्या बाजूला सरका.