ड्राय सूटमध्ये (पाणी आत न शिरणाऱ्या पोशाखात) डायव्हिंग करताना शिशाचं वजन नेमकं किती घ्यावं?

किलोचा ठरलेला आकडा कोणी सांगितला तरी त्यावर विसंबू नका. आतल्या गरम कपड्यांची जाडी बदलली की तो बदलतो. वजनाची चाचणी डायव्हच्या शेवटी घ्या. सिलिंडरमध्ये साधारण ५० बार दाब, बीसीडी (तरंगणं सांभाळायला हवा भरायचं जॅकेट) पूर्ण रिकामी, सूटमध्ये ऊब राहील आणि आवळणार नाही इतकीच हवा. अशा स्थितीत ५ मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे. सुरुवातीलाच तपासायचं असेल तर १२ लिटरच्या सिलिंडरसाठी दोनेक किलो वाढवा, कारण वापरलेल्या हवेचं वजन तेवढं भरतं. गोड्या पाण्यातून समुद्रात जाताना आणखी दोन-तीन किलो. ‘असू दे जास्तीचं’ म्हणून शिसं लादू नका: ते तोलायला सूटमध्ये जादा हवा भरावी लागते आणि ती पायांकडे पळते.