फियाटचं इंजिन: बोअर करायचं की बदलायचं?

प्रश्न: वडिलांची १९७२ची फियाट निळा धूर मारते, तेल खाते. मेकॅनिक फुल इंजिनच्या कामाचे १ लाख ८० हजार सांगतो. नाहीतर ७० हजारांत सेकंडहँड डिझेल इंजिन बसवून देतो म्हणतो. मला पेन्शन ३८ हजार, एफडी एकच, ४ लाखांची. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी मिळतंय. घेऊ का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

सर, डिझेल आधी डोक्यातून काढा. इंजिन बदललं की आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. तो चढला नाही तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी हात वर करेल. शिवाय गाडीनं पन्नाशी ओलांडली आहे. २०२१च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, फी २० हजार. पण गाडी मूळ रूपात असेल तरच. (व्हिंटेज नंबरावर रोज मंडईत मात्र जाता येत नाही.)

आता १ लाख ८० हजार. इंजिन न उघडता सांगितलेला आकडा मला पटत नाही. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा तपासायचं. वाढलं तर रिंग-बोअर (पिस्टनवरच्या रिंगा आणि सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. तसंच राहिलं तर दोष बहुधा व्हॉल्वचा, आणि मग हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) कामावर भागेल.

बोअर गेलाच असेल, तर ब्लॉकचा (ज्यात सिलिंडर असतात त्या भागाचा) धातू हे तुमचं मुद्दल समजा. दर बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करताना, थोडा धातू जातो आणि एक साइज मोठे पिस्टन लागतात. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राइंड केला की त्याला अंडरसाइज बेअरिंग लागतात. शेवटची साइज संपली की लायनर (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) ठोकून पुन्हा स्टँडर्ड साइजवर येता येतं, पण त्याचे पैसे वेगळे. म्हणून बोअर आणि क्रँकची मापं मशीन शॉपकडून लिहून घ्या, आणि मगच एस्टिमेट मागा. पिस्टनचा सेट हातात पडल्याशिवाय बोअरिंग करू देऊ नका. माझ्या मामांनी ब्लॉक आधी बोअर करून घेतला, त्या साइजचे पिस्टन मिळेनात. गाडी दीड वर्ष विटांवर उभी होती.

लोन नको. तीन वर्षांचा हप्ता ६,१५०च्या आसपास बसेल आणि व्याजच ४१ हजारांवर जाईल. तेवढेच पैसे दरमहा आरडीत टाका, व्याज न धरताही वर्षात ७३-७४ हजार होतील. तोवर पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट शोधत राहा. जुन्या फियाटचं सामान एका फेरीत मिळतच नाही. शेवटी थोडे कमी पडले तर एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून उचल) घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त असतं. दवाखान्यासाठी म्हणून निदान ३ लाखांना हात लावू नका.

हे पैसे विक्रीत परत येतील असं धरू नका. बिलं आणि कामाचे फोटो मात्र जपून ठेवा. इतक्या जुन्या गाडीची विम्याची किंमत कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. तेव्हा तेच पुढे ठेवता येतील.