खुब्याचं हाड आणि थकलेलं मानधन

प्रश्न : ताई, मी ४४ वर्षांची, सातारा जिल्ह्यात राहते. दोन कथासंग्रह आहेत, अनुवाद करते, दिवाळी अंकांत लिहिते. नवऱ्यापासून वेगळी आहे, मुलगी बारावीला. गेल्या आठवड्यात आई (वय ७३) न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यानं २ लाख १० हजारांचा अंदाज दिलाय, खात्यात ११ हजार आहेत. एका प्रकाशकाकडे अनुवादाचे ३८ हजार सात महिने अडकलेत. फोन केला की म्हणतात, पुस्तक छापायला गेलं की बघू. घाबरून मोबाइलवरच्या एका कर्जाच्या ॲपवरून १५ हजार उचलले. लेखकांसाठी तातडीचा काही निधी असतो का? ओळखीच्यांना विचारायची लाज वाटते. नाव छापू नये. – एक लेखिका

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, फोनवर म्हटलंच होतं. वाचकांना सांगायला हवं की हे पत्र ज्या दुपारी हातात पडलं त्याच दुपारी मी हिला फोन लावला. मासिक छापून येईपर्यंत मोडलेलं हाड थांबत नाही. तेव्हा पुढचं थोडं तिला उद्देशून असलं तरी खरं तर तुम्हा सगळ्यांसाठी आहे.

आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. आज दार ठोठावलं आणि उद्या पैसे मिळाले, असा खास लेखकांसाठीचा निधी माझ्या चाळीस वर्षांत मी आपल्याकडे पाहिला नाही. लंडनमध्ये १७९० पासून तसा निधी आहे. प्लेटोचे संवाद इंग्रजीत आणणारे फ्लॉयर सिडनहॅम कर्जापायी कोठडीत वारले, ते पाहून डेव्हिड विल्यम्स नावाच्या गृहस्थांनी तो उभारला. निमित्त अनुवादकाचंच होतं बघ. आपल्याकडे साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पण ती पहिलं पुस्तक छापायला, आईचं हाड बसवायला नाही. पत्रकारांसाठी शंकरराव चव्हाण यांच्या नावाचा कल्याण निधी आहे, तू पत्रकार नाहीस. मालिका-सिनेमा लिहिणाऱ्यांची मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, ती आपल्या सभासदांना अडीअडचणीला मदत करते, तू सभासद नाहीस.

म्हणून फोनवर मी पहिलं वाक्य हे म्हणाले की तू लेखिका आहेस हे आठवडाभर विसर. तू ७३ वर्षांच्या बाईची मुलगी आहेस. त्या नात्यानं जी दारं उघडतात ती जास्त आहेत, आणि मोठी आहेत.

मी विचारलं, ‘आईचं वय वंदना कार्ड काढलंय का?’ तर ही म्हणते, ‘आमचं रेशनकार्ड केशरी आहे, आम्हाला कुठलं मिळतंय?’ हाच गैरसमज घरोघरी आहे. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेलं आयुष्मान वय वंदना कार्ड ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही मिळतं, उत्पन्न बघत नाहीत. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. आधार कार्डावर वय दिसलं की झालं. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. पूर्वी ती दीड लाखाची होती आणि पिवळ्या-केशरीवाल्यांपुरती होती, आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाख आहे आणि रंग बघत नाहीत. अट एवढीच की रुग्णालय योजनेच्या यादीतलं हवं आणि ती शस्त्रक्रिया तिथे योजनेत बसायला हवी. योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळ ‘आरोग्यमित्र’ नावाचं टेबल असतं. डॉक्टरांच्या आधी त्या टेबलाशी जायचं.

हिची आई होती ते रुग्णालय यादीत नव्हतं. मग धर्मादाय. हे नीट वाचा, कारण याबद्दल लोकांना सगळ्यात कमी माहिती असते. सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ४१ कक आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली मंजूर केलेली योजना यांप्रमाणे धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. आणि तातडीचा रुग्ण आला तर अनामत मागता येत नाही. पंचतारांकित वाटणारी कितीतरी रुग्णालयं धर्मादाय असतात. पाटीवर बारीक अक्षरात ‘ट्रस्ट’ लिहिलेलं असतं, ते वाचायचं. माझी मुद्रितशोधकाची नजर कुठे तरी कामी यायला हवी ना.

ही गेली एका मोठ्या शहरातल्या अशाच रुग्णालयात. खिडकीवर सांगितलं, ‘कोट्यातल्या खाटा भरल्यात.’ मी फोनवर होते. म्हटलं, तिथून हलू नको, वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचार आणि त्यांना म्हण, हेच कागदावर लिहून द्या. आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही, नुसतं ‘लिहून द्या’ म्हणत उभं राहायचं. चाळीस मिनिटांनी खाट निघाली. रुग्णालय योजनेच्याही यादीत होतं, म्हणून वय वंदना कार्डही तिथेच निघालं. चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. वॉकर आणि बाहेरून आणलेली काही औषधं मिळून ६,४०० रुपये पदरचे गेले. २ लाख १० हजारांच्या जागी.

हे दोन्ही जमलं नसतं तर मुख्यमंत्री सहायता निधीकडे जायचं होतं. तिथे रुग्णालयाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि तपासण्यांचे कागद लागतात. मात्र अर्ज उपचार चालू असताना करायचा. बिल भरून घरी आल्यावर तो पैसा परत मिळत नाही. माझ्या एका शेजाऱ्यानं अंगठी गहाण ठेवून आधी बिल भरलं, मग अर्ज केला, आणि हात हलवत परत आला.

आता तुझे ३८ हजार. ही मदत नव्हे, तुझं येणं आहे, आणि त्याबद्दल तू मला तीनदा ‘सॉरी ताई’ म्हणालीस. लेखी करार झाला होता का विचारलं, तर नाही. मग चांगलंच आहे! कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. तू त्यांची नोकर नव्हतीस. म्हणजे त्या अनुवादावरचा हक्क अजून तुझ्याकडे आहे, आणि तुझ्या सहीशिवाय ते पुस्तक छापणं त्यांनाच अडचणीचं. आपण दोघींनी मिळून जे पत्र लिहिलं ते इथे देते, कुणालाही उपयोगी पडेल :

‘आपणांस सुपूर्द केलेल्या २१४ पानांच्या अनुवादाचे ठरलेले रु. ३८,००० अद्याप मिळालेले नाहीत. रक्कम पंधरा दिवसांत जमा करावी. पूर्ण रक्कम मिळून लेखी करार होईपर्यंत सदर अनुवाद प्रसिद्ध करण्यास माझी संमती नाही.’

बस. आईचं आजारपण नाही, मुलीची फी नाही, ‘कृपया समजून घ्यावे’ नाही. हिनं पहिल्या मसुद्यात दीड पान आईबद्दल लिहिलं होतं, सुंदर लिहिलं होतं, मी सगळं खोडलं. पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं (रजिस्टर्ड पोस्ट आता त्यातच विलीन झालंय), तेच व्हॉट्सॲपवरही टाकलं. सहाव्या दिवशी १५ हजार आले. उरलेले आले नाहीत तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो. दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे, पण तीन वर्षं थांबू नकोस.

पुढच्यासाठी एक काम कर : उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी. ती ऑनलाइन होते आणि मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर तो दलाल. अनुवाद हाही व्यवसाय म्हणून तिथे नोंदवता येतो. नोंदणीनंतर दिलेल्या कामाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवले तर चक्रवाढ व्याज मागता येतं. जुन्या येण्याला त्याचा उपयोग नाही.

ते ॲपचं कर्ज मात्र मला डाचतंय. १५ हजार आले ना, त्यातून आधी ते संपव, आणि ‘कर्ज नाही’ असा कागद मागून घे. ॲपमागे कुठली बँक किंवा वित्तसंस्था आहे हे त्यांनी सांगायलाच हवं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे असल्या ॲपना तुझ्या फोनमधले नंबर चाळायचा अधिकार नाही. ओळखीच्यांना फोन करून धमकावायला लागले तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार कर.

लाजेबद्दल. मी सोलापुरात मुद्रितशोधन करायचे, फर्म्यावर (म्हणजे छापायच्या पानांच्या गठ्ठ्यामागे) पैसे. १९९३ साली ह्यांची गिरणी बंद पडली आणि धाकट्याला कावीळ झाली, त्याच महिन्यात. कुणाला न विचारता मी गल्लीतल्या सावकाराकडून शेकडा ५ नं चार हजार घेतले. महिन्याला शेकडा ५, वर्षाला नव्हे. पाटल्या गेल्या, आणि तरी मूळ रक्कम तशीच. एका छापखान्याकडे तेव्हा माझे अकरा फर्म्यांचे पैसे होते! मागायची लाज, पण व्याज भरायची नाही, असली अक्कल. शेवटी एका सोमवारी डबा घेऊन छापखान्यात जाऊन बसले. दुपारी तिथेच भाकरी खाल्ली. संध्याकाळी पहिला हप्ता मिळाला. सावकाराकडे परवान्याचा कागद मागायचा असतो हे मला फार उशिरा कळलं. आता तर २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे आणि तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते.

आणि ओळखीच्यांना विचारायचंच झालं तर ‘काही मदत होईल का’ असं मोघम नको. ‘१२ तारखेपर्यंत घरभाड्याचे ५ हजार हवेत, दिवाळी अंकाचं मानधन आलं की देईन’ असं सांग. आकडा ऐकला की माणूस हो किंवा नाही म्हणू शकतो. मोघम ऐकलं की फक्त हळहळतो.

प्रश्न : माझे वडील (६३) बीड जिल्ह्यात राहतात. तीसेक वर्षं कविता आणि गीतं लिहिली, गावोगाव सादर केली. शेती नाही. सरकारी मानधन मिळेल का? एक जण ‘करून देतो’ म्हणून ५ हजार मागतोय. – एक मुलगा

उत्तर : त्याला एक रुपया देऊ नका. योजना आहे : राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. पूर्वी अ-ब-क अशा श्रेणी होत्या आणि पैसे वेगवेगळे मिळत. २०२४ पासून सगळ्यांना महिना ५ हजार. वय ५० पूर्ण (दिव्यांगांना ४०), किमान १५ वर्षांचं काम, आणि वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत. अर्जाची चौकशी पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करा. निवड जिल्हा समिती करते, वर्षाला एका जिल्ह्यातून ठरावीक जणांचीच, त्यामुळे पहिल्या वर्षी नाव आलं नाही तर पुन्हा अर्ज करा. दुसरी कुठली सरकारी पेन्शन चालू असेल तर हे मिळत नाही. वडिलांच्या पश्चात आईला चालू राहतं, म्हणून अर्जात तिचं नाव आधारवर आहे तसंच लिहा.

अडतं ते पुराव्याशी. तुम्ही सोबत पाठवलेली छायाचित्रं मी पाहिली. जत्रेतल्या कार्यक्रमाचा फोटो छान आहे, पण त्यावर ना गाव, ना साल. मागच्या बाजूला लिहा. कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, आकाशवाणीचं पत्र असेल तर ते, जुन्या अंकांतल्या कवितांची पानं, असं सालवार लावा. आणि ती पेटीतली वही, जिच्या पहिल्या पानावर १९९१ लिहिलंय, तिची झेरॉक्स जोडा. मूळ वही कुणाच्या हातात देऊ नका, समितीच्यासुद्धा.