फाँडंटच्या सजावटीवरचे पांढरे डाग घालवून चकाकी कशी आणावी?

तुमचा प्रश्न असा, की मुलाच्या वाढदिवसाच्या केकसाठी केलेल्या फाँडंटच्या, म्हणजे साखरेच्या लाटता येणाऱ्या मऊ गोळ्याच्या, लाल-काळ्या गाड्यांवर पांढुरके डाग राहिलेत, ते घालवून गाड्या चकचकीत करायच्या आहेत, आणि घर शाकाहारी आहे. मी ठाण्यात घरूनच केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे हे काम नेहमीचं आहे.

डाग काढणं आणि चकाकी आणणं ही दोन वेगळी कामं आहेत. बऱ्याच वेळा पहिलं नीट झालं की दुसऱ्याची गरजच उरत नाही. ते डाग म्हणजे लाटताना भुरभुरवलेलं कॉर्नफ्लोर किंवा आयसिंग शुगर. आधी कोरड्या, मऊ ब्रशने जेवढं निघेल तेवढं झटका, खाचाखोचांतलं विशेष. कॉर्नफ्लोर पाण्यात विरघळत नाही. जाड थर तसाच ठेवून वर ओलं काही लावलंत तर त्याची लापशी होऊन बसते. पुढच्या वेळी गडद रंगांना पीठ लावूच नका, पोळपाटाला आणि हाताला वनस्पती तुपाचा पुसटसा हात फिरवा.

यानंतर वाफ. कपड्यांचा हातातला स्टीमर असेल तर उत्तम, नसेल तर सर्दीत वाफारा घ्यायचं मशीन चालतं. मात्र ते स्वच्छ हवं आणि त्यात कधी बाम किंवा औषध पडलेलं नसावं, नाहीतर गाडीला निलगिरीचा वास येईल! वीतभर अंतरावरून दोन-तीन सेकंद वाफ फिरवायची, एका जागी थांबायचं नाही. वरची साखर किंचित विरघळते, राहिलेली पावडर दिसेनाशी होते आणि काळा रंग एकदम खुलतो. वाफ दिल्यावर पृष्ठभाग चिकट लागतो, पंख्याखाली ठेवा आणि सुकेपर्यंत बोट लावायचा मोह टाळा. वाळल्यावर जी हलकी झळाळी उरते, ती मला कुठल्याही ग्लेझपेक्षा (वरून लावायच्या चकाकीच्या थरापेक्षा) सुंदर वाटते. फुलांच्या पाकळ्यांना तर याहून जास्त चमक देऊच नये, प्लॅस्टिकची दिसतात. पाकळ्यांवर कोरडा रंग लावला असेल तर तोही वाफेने पक्का बसतो.

वाफेची सोय नसेल तर ब्रशला थोडी व्होडका लावून पुसतात. तिच्यात साधारण ४० टक्के अल्कोहोल असतं. ते पाण्यापेक्षा लवकर उडतं, म्हणून फाँडंट फार भिजत नाही. घरात व्होडका चालत नसेल तर वाफच बरी. ओल्या फडक्याने पुसू नका, पाण्याचे डाग पडतात.

आता खरी काचेसारखी चकाकी. गाडीच्या बॉनेटला, बुटाला, डोळ्यांच्या बाहुल्यांना ती शोभते. लिक्विड ग्लुकोज (साखरेचा घट्ट, चिकट पाक) किंचित कोमट करून त्यात तेवढीच व्होडका मिसळायची आणि अगदी पातळ हात द्यायचा. अल्कोहोल उडून जातं, पण ग्लुकोज हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे थर थोडा चिकट राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे तो दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. पावसाळ्यात मी हे फक्त डोळ्यांच्या बाहुल्यांपुरतं वापरते.

न चिकटणारी, टिकाऊ चमक हवी तर तयार कन्फेक्शनर्स ग्लेझ मिळतो. पण तुमच्यासाठी हे महत्त्वाचं: तो बहुधा शेलॅकचा, म्हणजे लाखेचा असतो, आणि लाख हा किड्याचा स्राव आहे. लेबलवर ९०४ हा आकडा दिसला की समजायचं. कडक शाकाहारी घरात ते आधी सांगितलेलं बरं. शिवाय फाँडंटच्या पाकिटावर जिलेटिन (ते प्राण्यांपासून काढतात) लिहिलंय का तेही बघा, हिरवा ठिपका असलेलंच घ्या. हा ग्लेझ वापरलात तर ब्रश पाण्याने धुऊन निघत नाही, अल्कोहोलच लागतं.

सोनेरी-चंदेरी पावडर लावायचा विचार असेल तर डबीवर ‘खाण्यायोग्य’ असं स्पष्ट हवं आणि घटकांची यादी हवी. नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ पुरेसं नाही, तसं हस्तकलेच्या रंगांवरही लिहितात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाचा केक खाऊन मुलांना उलट्या झाल्या होत्या, वरच्या झगमगत्या पावडरीत तांबं निघालं. दुकानदार ‘सगळे हेच नेतात’ म्हणाला तरी डबी उलटून वाचा.

तयार गाड्या फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्या की त्यांना घाम फुटतो आणि रंग ओघळतात. कोरड्या खोलीत, झाकण अर्धवट उघडं ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि केक कापायच्या थोडा वेळ आधी वर बसवा. केक क्रीमचा असेल तर गाडीखाली चॉकलेटची पातळ चकती ठेवा, म्हणजे क्रीमची ओल चाकांना लागणार नाही.